बेरीज एकाने जास्त

नामाचेरे
१९ जून २०१६

प्रिय एलुबे,

हे पत्र तिकडे ट्रक नेणाऱ्या फनुएल ड्रायव्हरच्या हाती देतोय. तुझा नवा नंबर आईकडे आहे, पण ती मला देत नाही आणि मीही मागत नाही. जोहान्सबर्गमध्ये तू ज्या बाईंकडे स्वयंपाकाला असतेस त्यांचं फाटक फनुएलला माहीत आहे म्हणे. वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण परत पाठवू नकोस. उगाच आईच्या हाती पडेल.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण चर्चमधल्या बायकांबरोबर गायला जाते. यंदा ज्वारी चांगली उभी राहिली होती, नदीकडची अर्धी पाणघोड्यांनी तुडवली. छपराचे पत्रे मी नवे घातले.

त्या गोष्टीवर मला वाद घालायचा नाही. एकदाच लिहितो, मग पुन्हा नाही. गेल्या वर्षी पूर आला तेव्हा आपण सगळे शाळेच्या छपरावर होतो. तुझी तियानजाने आठ वर्षांची होती. ती तुझ्या हातातून सुटली, माझ्या नाही. पण हे तुला कोणी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. आपण तीन महिने वाट पाहिली. शिरे नदीने काहीच परत दिलं नाही. घर किती दिवस सुतकात ठेवायचं? आपल्यात बहिणीच्या मुलांचं मामाच ठरवतो. मामा मी, निर्णय माझा. तिचा फ्रॉक चटईत गुंडाळून पुरला आणि गावाला जेवू घातलं. तू कबरीपाशी म्हणालीस, “दादा, तू चटई पुरतोयस, माझी मुलगी नाही.” आणि महिन्याभरात सीमेपलीकडे निघून गेलीस. मामाने करायचं ते मी केलं. आजही तेच करेन.

असो. शाळेतली एक गंमत सांगतो.

आमच्या माध्यमिक शाळेत तिसऱ्या फॉर्मला संख्याशास्त्र शिकवायचं असतं. पुस्तकातली उदाहरणं कुठल्या तरी साखर कारखान्याच्या पोत्यांची. मुलांना त्यात रस नाही. म्हणून मी मैदानात सागाचा एक सरळ खांब रोवला आणि त्यावर पाच-पाच सेंटिमीटरचे पट्टे रंगवले. समोरच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना रांगेत बोलावलं. एकेकाने खांबाला पाठ लावायची, डोकं ज्या पट्ट्यात येईल त्या पट्ट्याच्या डब्यात सोड्याच्या बाटलीचं एक बूच टाकायचं, आणि पळायचं. नावं लिहायची नाहीत. माझ्या मुलांनी नुसती बुचं मोजायची: एवढी मुलं ११५ ते १२०, एवढी १२० ते १२५. झाली वारंवारता सारणी. मग वर्गमध्य काढा, गुणाकार करा, बेरजेला भागा, सरासरी तयार. पोरं खूश झाली.

फक्त बेरीज जुळली नाही. त्या दिवशी प्राथमिक शाळेत दोनशे चौदा मुलं हजर होती. डब्यांत दोनशे पंधरा बुचं. मी वर्गाला म्हटलं, “तुमच्यातल्याच कोणीतरी एक जास्तीचं टाकलं असणार, आता त्याने एकदा जास्तीची शाळा झाडावी.” सगळे हसले.

थंडी पडली आहे. तिकडे जास्त असेल. अंगावर गरम घे.

तुझा भाऊ,
लुफेयो


नामाचेरे
९ जुलै २०१७

प्रिय एलुबे,

तुझी एक ओळ मिळाली. “पुरलीस ना तिला? मग मला कशाला लिहितोस?” अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, उजवीकडे कलणारं. उत्तर सांगतो. मला दुसरी बहीण नाही, म्हणून लिहितो.

आईचा गुडघा वाढला आहे. मी सायकल-टॅक्सीवाल्याला आठवड्याचं सांगून ठेवलंय, तो तिला दवाखान्यात नेऊन आणतो.

गेल्या वर्षीची खांबाची गोष्ट तुला लिहिली होती. यंदा म्हटलं, वाह्यातपणा चालू द्यायचा नाही. बुचांना मी घरी बसून लाल रंग दिला. हजेरीइतकीच बुचं मोजून टोपलीत घेतली आणि रांगेच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येकाच्या हातात एकेक मीच ठेवलं. टोपली रिकामी झाली तेव्हा रांगही संपली. शिवाय या वेळी प्राथमिकच्या मुख्याध्यापिका मिसेस ग्वाझा बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या प्रत्येकाचं नाव आणि पट्टा लिहीत होत्या. मी त्यांना तपासणीसाठीच बसवलं होतं.

डब्यांत एक जास्त निघालं.

मिसेस ग्वाझांच्या नावांशी एकेक डबा ताडून पाहिला. सगळे डबे जुळले, एक सोडून. १२५ ते १३० चा. तो डबा मी बाकावर ओतला. सगळी बुचं लाल, सगळी माझ्याच ब्रशची. त्यातलं जास्तीचं कुठलं, हे सांगायला काही मार्ग नाही. वर्गवारीचा स्वभावच तो, एलुबे. बूच एकदा डब्यात पडलं की ते कुणाचं, हे संपलं. त्या डब्यातल्या सगळ्यांना आपण १२७.५ धरतो, मग नेमकं तेवढं कुणी असो वा नसो.

आणखी एक फालतू गोष्ट घडली. रांगेत सगळ्यात शेवटी पहिलीतली एक चिमुरडी होती. तिने मिसेस ग्वाझांकडे तक्रार केली की मागची ढकलते. मिसेस ग्वाझा म्हणाल्या, “तुझ्या मागे कोणी नाही गं.” ती म्हणाली, “आता नाही. तिचं झालं.”

लहान मुलं काय वाट्टेल ते बोलतात. मी हे फक्त यासाठी लिहितोय की मिसेस ग्वाझांनी ते आईला सांगितलं, आणि आई तुला फोनवर सांगेलच. माझ्याकडून ऐकलेलं बरं. आईने मला एवढंच विचारलं, “कितव्या डब्यात?” मी सांगितलं. ती उठून आत गेली.

लुफेयो


नामाचेरे
१ जुलै २०१८

एलुबे,

तुझं उत्तर नाही, तरी फनुएल म्हणाला की फाटकावर पत्र तूच घेतलंस आणि तिथेच उभं राहून वाचलंस.

यंदा १३० ते १३५.

मी आता यावर विनोद करणार नाही. तू आठवून बघ, पुराच्या आधीच्या सणाला तिला नवा फ्रॉक शिवला तेव्हा शिंप्याने काय माप घेतलं होतं. मला ते आठवतंय, कारण पैसे मी दिले होते. त्यात वर्षाला एक पट्टा मिळव, दर साली नेमका तोच डबा येतो. त्या वयाची मुलगी आपल्या गावात तेवढीच वाढते. हा हिशोब मी कुणाला दाखवलेला नाही.

सरासरी मात्र जागची हलत नाही. दोनशेच्या वर मुलांत एक जास्तीची मिळवली तर दशांशाच्या दुसऱ्या घरात काय तो फरक पडतो. मी फळ्यावर दोन्ही सरासऱ्या काढल्या, तिच्यासकट आणि तिच्याशिवाय. मुलांना सांगितलं की इतका फरक आपण सोडून देतो. माझ्या तोंडून “तिच्यासकट” निघालं हे मला मुलांच्या चेहऱ्यांवरून कळलं.  

घंटा झाल्यावर खांबापाशी गेलो. भर दुपार होती. १३० च्या रेघेवर हात ठेवला. त्या उंचीला लाकूड गार होतं. वर-खाली हात फिरवून पाहिला, बाकी सगळा खांब उन्हाने तापलेला. सावली कुठून तरी पडत असेल, मी फार वेळ थांबलो नाही.

आई आता जेवणाला पिठाचा न्सिमा शिजवताना मूठभर पीठ जास्त टाकते. मी विचारलं तर म्हणाली, “उरला तर कोंबड्या खातील. तुला काय करायचंय?” तो उरत नाही. मी काही जास्त खात नाही. आई किती कमी जेवते ते तर तुला ठाऊक आहे.

लुफेयो


नामाचेरे
१५ ऑगस्ट २०२१

प्रिय एलुबे,

तीन वर्षं लिहिलं नाही. कारणं तुला माहीत आहेत. २०१९ ला पुन्हा पूर आला, शाळेत चार महिने छावणी होती. त्याच्या पुढच्या वर्षी रोगाची साथ आली आणि शाळाच बंद. खांब तसाच उभा होता, कोणी मोजलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. मनात धरून चाललो होतो की मध्ये इतका खंड पडला म्हणजे ते आपोआप सुटेल.

या जूनमध्ये मोजलं. १४५ ते १५०. आम्ही मोजलं नाही म्हणून तिची वाढ काही थांबलेली नव्हती.

आता गोष्ट शाळेत राहिलेली नाही. प्राथमिक शाळेत एवढी उंच मुलं मोजकीच असतात, आठवीतली चार-सहा. त्या डब्याशी कोण येतं ते लांबूनही दिसतं. यंदा निम्मं गाव कुंपणाला टेकून बघत होतं. पाच जण त्या डब्याशी गेले, पाच जणांना सगळ्यांनी पाहिलं. मी डबा उपडा केला. सहा. बायकांनी तोंडावर हात ठेवले. एकीने मोठ्याने प्रार्थना सुरू केली. मिसेस ग्वाझांनी मुलांना घरी सोडलं आणि स्वतः कार्यालयात जाऊन दार लावून घेतलं.

गेल्या रविवारी गावच्या मुखियाने आंब्याखाली बैठक बोलावली. म्हातारा न्यालुग्वे शांतपणे बोलला, पण बोलला ते टोचणारं. “गुरुजी, तुम्ही मेलेल्याला दरसाल रांगेत बोलावता. बोलावलं की माणूस येतं. त्यात तिचा काय दोष?” त्यांचं म्हणणं असं की खांब उपटून जाळायचा, चटई पुरली त्या जागी दुसऱ्यांदा विधी करायचा, आणि या वेळी नीट, म्हणजे मुलीच्या आईच्या संमतीने. पहिल्या वेळी तिच्या आईने पाठ फिरवली म्हणून मुलगी अर्धवट राहिली, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. म्हणजे मी जे केलं ते अर्धवट. मी ऐकून घेतलं.

मामा म्हणून माझ्या एका शब्दावर ते उद्या खांब काढतील. तो शब्द मी दिलेला नाही. मी म्हणालो, मुलगी जिची आहे तिला विचारतो. आयुष्यात पहिल्यांदाच तुला विचारतोय हे मला कळतंय, सांगायची गरज नाही.

काय करू? फनुएल तिकडून गुरुवारी परत निघतो. त्याच्या हाती उत्तर दे.

लुफेयो


नामाचेरे
१० जुलै २०२२

प्रिय एलुबे,

तुझे शब्द बैठकीत वाचून दाखवले होते, जसेच्या तसे. “खांबाला हात लावायचा नाही. मोजत राहा. तिला दुसरं कोण मोजणार?” न्यालुग्वेने काठी आपटली, पण मुखिया म्हणाला, मुलीची आई बोलली, विषय संपला.

यंदा १५० ते १५५. त्या डब्यात दुसरं कोणीच नव्हतं. माझ्या मुलांनी सारणी मांडली, शेवटच्या वर्गापुढे वारंवारता एक. त्याचा वर्गमध्य १५२.५. बाकी प्रत्येक ओळीत मुलं गर्दीत हरवून जातात. ही एकच ओळ अशी की तिथे जे उभं आहे ते एकटंच आहे.

झेलिया आठवते तुला? तियानजानेची मैत्रीण, दोघी एकाच महिन्यातल्या, पाण्याला बरोबर जायच्या. ती आता माझ्या वर्गात आहे, तिसऱ्या फॉर्मला. हुशार आहे, फार बोलत नाही. मोजणी संपल्यावर मागे थांबली आणि डबे आवरायला लागली. मग म्हणाली, “सर, मी प्राथमिकला होते ना, तेव्हा दर वर्षी मी खांबापाशी जरा जास्त उभी राहायचे. आम्ही पाठीला पाठ लावून बघायचो. मी जास्त उंच का ती.”

मी विचारलं, “आणि?”

“आधी मी होते. मग बारा वर्षांचे झालो त्या साली शाळेत मोजलंच नाही, छावणी होती. पण मी आले होते. त्या साली ती पुढे गेली. बोटभर.” ती डब्यात डबा घालत होती. “पाठ ओली व्हायची सर. घरी आई विचारायची, कुठे टेकलीस.”

ती दिसते का तुला, असं मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. पण ती आपणहून म्हणाली, “वळायचं नाही असं आमचं ठरलं होतं.”

एलुबे, मी गणित शिकवणारा माणूस. अठरा वर्षं मुलांना सांगतोय की सारणी खोटं बोलत नाही, ती फक्त कमी बोलते. मी घाबरतो का, असं तू आईला विचारलंस म्हणे. हो. मोजणीच्या आदल्या आठवड्यात मला जेवण जात नाही. पण दुसरीही एक गोष्ट आहे. डबा उपडा करताना मनात येतं, या वर्षी नसली तर?

लुफेयो


नामाचेरे
३० जून २०२४

प्रिय एलुबे,

तू पाठवलेली शाल आईने लगेच घेतली आणि आता उतरवत नाही. शालीबरोबर फ्रॉकही होता. तो कुणासाठी हे चिठ्ठीत नव्हतं, पण आईने तो खुंटीला टांगला आहे. बाही मोजली मी. तू बरोबर माप घेतलं आहेस.

गेल्या वर्षी १५० ते १५५ होतं. यंदाही तेच. आता पट्टा बदलणार नाही. मुली सतराच्या झाल्या की थांबतात, झेलियासुद्धा थांबली. तुझी मुलगी मोठी झाली, एवढंच मला त्या एका बुचावरून सांगता येतं. रागीट आहे का, गाते का, तुझ्यासारखी डावरी आहे का, यातलं काही सारणीत येत नाही.

झेलियाने परीक्षा दिली. आता ती दवाखान्यात बाळांच्या तपासणीला मदतनीस म्हणून जाते. तिथेच शिकून पुढे नर्स व्हायचं म्हणते. मी तिला फॉर्म भरून दिला.

एक विचारतो, रागावू नकोस. ही आता लहान नाही. लहान मुलांच्या रांगेत तिने किती वर्षं उभं राहायचं? मिसेस ग्वाझाही परवा म्हणाल्या, एवढी मोठी मुलगी, आणि अजून आमच्या पोरांत. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. शेजारच्या घरातल्या लग्नाच्या मुलीविषयी बोलावं तसं बोलल्या. तेव्हा मीच चमकलो.

लुफेयो


नामाचेरे
२० जून २०२५

एलुबे,

बेरीज जुळली.

आज सकाळी मोजलं. मुलं दोनशे सदतीस, बुचं दोनशे सदतीस. मी तीनदा मोजलं, मिसेस ग्वाझांनी दोनदा. १५० ते १५५ चा डबा रिकामा. तळाशी फक्त जुन्या रंगाचे टवके.

गाव कुंपणाला होतं. मी रिकामा डबा वर धरून दाखवला.  न्यालुग्वेने टोपी काढली. मग सगळे आपापल्या वाटेने गेले, मयतीहून जातात तसे.

नऊ वर्षं मी या बेरजेची वाट पाहिली. तिसऱ्या फॉर्मला सरासरी काढायला लावली आणि वर्गाबाहेर आलो. स्टाफरूममध्ये गेलो नाही. मैदानाच्या कडेला विहिरीपाशी बसलो आणि रडलो. कशासाठी ते मला नीट सांगता येत नाही. चटई पुरली त्या दिवशी मी रडलो नव्हतो.

आईला सांगायची हिंमत झाली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरचा फ्रॉक काढून घडी घालून ठेवला.

तुला फोन करायला हवा होता. आईने नंबर पुढे केला होता. मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो.

दादा


नामाचेरे
२४ जून २०२५

एलुबे,

शुक्रवारचं पत्र अजून फनुएलकडेच आहे, तो मालाची वाट बघत थांबलाय. दोन्ही एकदमच मिळतील. आधी ते वाच, मग हे.

काल बाळांच्या तपासणीचा दिवस होता. दवाखान्याची इमारत रंगवायला काढली आहे, म्हणून या वेळी तपासणी आमच्या मैदानात ठेवली. आया बाळांना पाठीशी बांधून रांगेत उभ्या. झेलिया फळीवर एकेक बाळ निजवून लांबी बघत होती. दवाखान्याला नावासकट नोंद हवी असते, ती आरोग्य सहाय्यक करत होता. पण तिसऱ्या फॉर्मला परीक्षेआधी आणखी एका सारणीचा सराव हवा होता, म्हणून मी झेलियाला म्हटलं की डबेही लावूया. लहान मापांचे डबे मी तिथल्या तिथे केले. ५० ते ५५, ५५ ते ६०, आणि पुढे. बाळाची लांबी सांगितली की आईने त्या डब्यात बूच टाकायचं. माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. जे होतं ते शुक्रवारी संपलं होतं.

दुपारी सहाय्यकाने नोंदी मिटल्या. एकसष्ट बाळं. मुलांनी डबे मोजले. बासष्ट.

 मुलांना घरी जायला सांगितलं. मग मी आणि झेलिया बाकावर बसून एकेक डबा नोंदींशी ताडत गेलो. सगळे जुळले. शेवटी पहिला डबा राहिला, सगळ्यात लहान बाळांचा. ५० ते ५५. नोंदीत तीन नावं. डब्यात चार बुचं.

 मी विचारलं, “तू किती बाळं घेतलीस हातात?”

“मोजली नाहीत सर. आई पुढे येते, मी बाळ घेते, निजवते, आकडा सांगते, परत देते. मान वर करायला वेळ कुठे असतो?” मग तिने ती चार बुचं एका ओळीत मांडली. “एक बाळ ओलं होतं. पार चिंब. मला वाटलं, लघवी केली असेल. मी पुसायला फडकं घेतलं तर त्याच्या आईने माझा हात धरला आणि फडकं आपल्या हाती घेतलं. स्वतः पुसलं तिने.”

“चेहरा पाहिलास?”

तिने नकारार्थी मान हलवली. “हात पाहिला. डावा. सर, वळायचं नाही असं ठरलं होतं. मी बाळाकडेच बघत राहिले.”

“आणि बाळ?”

“मुलगी आहे,” झेलिया म्हणाली. “एक्कावन्न भरली. नीट आहे. माझं बोट धरलं तिने, सोडेचना.”

ती मुलांच्या रांगेत नव्हती, एलुबे, कारण ती आयांच्या रांगेत उभी होती. सगळ्या बायकांसारखी, पाठीशी फडक्यात बाळ बांधून, आपला नंबर येईपर्यंत. तिच्या पुढे-मागे कोण होतं हे मी आज घरोघर विचारत फिरलो. चौघी बायका म्हणाल्या, आपल्या मागे कोणीतरी तरुण पोर होती, गुणगुणत होती. चौघींचाही नंबर वेगवेगळा होता. त्या घाबरल्या नव्हत्या. एक म्हणाली, “तिला तुम्ही ओळखत नाही का, सर? मला वाटलं तुमच्याच घरातली.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती बिछान्यावर उठून बसली आणि म्हणाली, “म्हणजे एलुबे आजी झाली.” मग तिने मला बाहेर पाठवलं, पाणी तापवायला. बाळंतिणीला लागतं तसं. मी तापवलं. दाराशी ठेवलं. विचारलं नाही.

आपल्या घरात मुलीची मुलगी म्हणजे घर पुढे चाललं. नाव मामाने ठेवायचं असतं. मी ठेवणार नाही. एकदा मी तुझ्या मुलीच्या वतीने ठरवलं आणि तू निघून गेलीस. या खेपेला तू ठरव.

बाळांची तपासणी दर महिन्याला असते. पुढची एकवीस जुलैला, आमच्याच मैदानात, दवाखान्याचं रंगकाम तोवर संपत नाही. फनुएलला मी तुझ्या परतीच्या जागेचे पैसे दिले आहेत, ट्रकमधली त्याच्या शेजारची जागा त्याने राखून ठेवली आहे. बाईंकडे महिन्याची रजा माग. नाही दिली तर नोकरी सोड.

मान वर करून बघायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण पहिलटकरीण आहे, पोर लहान आहे. रांगेत तिच्या मागे तिची आई उभी असायला हवी.

दादा